घर-प्लॉटचा सौदा आणि एजंट: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात मी बरीच वर्षं हाच धंदा करतो. धुळे, भुसावळ, अमळनेर, शहादा, अगदी सुरतेतूनही फोन येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूससुद्धा वरण-बट्टी मोडता मोडता दलालीचा दर विचारतो. म्हणून एकदाच लिहून टाकलं. वाचण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवा: सौदा झाला तरच एजंटच्या हातात पैसे येतात, नाही झाला तर पेट्रोलही त्याच्या खिशातलं. त्यामुळे त्याचा कल कायम सौदा होण्याकडे असतो. माझाही असतो.

१. एजंट नेमकं करतो काय?

विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देतो. त्याच्याजवळ त्या भागातल्या रिकाम्या घरांची माहिती असते, चालू भाव माहीत असतो, आणि दोन्हीकडचा ताठा उतरवून मधला आकडा काढायची हातोटी असते. पुढे बँकेत, वकिलाकडे, दुय्यम निबंधक कार्यालयात तो सोबत येतो. चांगला एजंट कागदांच्या झेरॉक्सही गोळा करून देतो.

मालकी निर्वेध आहे याची हमी देणं हे त्याचं काम नाही. ते वकिलाचं काम (प्रश्न १० पाहा).

२. एजंटशिवाय घर घेता किंवा विकता येत नाही का?

येतं की. कायद्यात एजंट सक्तीचा नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याचं घर घेतलं, भावकीत प्लॉट गेला, तिथे एजंटला कशाला मध्ये घ्यायचं? सरळ वकील गाठा. गाव नवं असेल, विकणारा परगावी राहत असेल किंवा घर वर्षभर पडून असेल, तर मात्र एजंटचा उपयोग होतो.

३. दलाली किती द्यायची आणि कोणी?

सरकारने दर ठरवलेला नाही. आमच्याकडे प्रथा अशी की दोन्ही बाजूंनी साधारण एकेक टक्का, आणि छोट्या रकमेच्या किंवा अवघड सौद्याला दोन टक्के. घासाघीस चालते, फक्त ती घर बघायला निघण्याआधी करा. भाव ठरल्यावर दलाली कमी करा म्हणणं म्हणजे जेवण झाल्यावर थाळीचा दर विचारण्यासारखं आहे.

एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर दलालीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. म्हणून जो जीएसटी मागेल त्याच्याकडून नंबर असलेलं बिल मागा.

दलाली बँकेतून द्या आणि पावती घ्या. घर विकताना दिलेली दलाली भांडवली नफा काढताना विक्री किमतीतून वजा होते. रोख देऊन पावती न घेणारे हा फायदा हातचा घालवतात.

४. दलाली कधी द्यायची? आमचा एजंट टोकनच्या दिवशीच मागतोय.

करार कायद्याचं साधं तत्त्व असं की वेगळं ठरलेलं नसेल तर काम पुरं झाल्याशिवाय एजंटचा मोबदला देय होत नाही. व्यवहारात अर्धी साठेखताला आणि अर्धी खरेदीखताला (दोन्हींतला फरक प्रश्न १२ मध्ये) ही वाटणी मला रास्त वाटते. टोकनला पूर्ण दलाली देऊ नका. ती एकदा मिळाली की पुढच्या कामात त्याचा जीव उरत नाही, हे मी आतल्या गोटातून सांगतोय.

५. एकच एजंट दोन्हीकडून दलाली घेतो. मग तो कोणाचा माणूस?

दोघांचाही, आणि खरं म्हणाल तर सौद्याचा. दोन्हीकडून घेणं आपल्याकडे सर्रास चालतं आणि दोघांना माहीत असेल तर त्यात वावगं काही नाही. फक्त तुमची शेवटची मर्यादा त्याच्यापाशी उघड करू नका. ‘नाना, ३८ पर्यंत जाऊ, पण तुमच्यापाशीच ठेवा’ असं सांगितलंत की ३८ वर सौदा ठरला म्हणून समजा.

६. विकणाऱ्याने एजंटला सांगितलं, ‘मला ३५ लाख हातात द्या, वरचे तुमचे.’ असं चालतं का?

याला आमच्यात ‘फरकाचा सौदा’ म्हणतात आणि सगळ्यात जास्त भांडणं यातूनच निघतात. समजा एजंटने घेणाऱ्याला ३९ सांगितले. घेणाऱ्याचं कर्ज असलं की बँकेतून पूर्ण ३९ विकणाऱ्याच्या खात्यात येतात. आता ४ लाख एजंटला द्यायचे, तेही बहुधा रोख मागितले जातात. दस्तात किंमत ३९ असल्याने कराचा हिशेबही ३९ वरच सुरू होतो. पैसे ३५, कागद ३९ चे. विकणाऱ्यांनो, ‘वरचे तुमचे’ म्हणण्याआधी हा हिशेब करा.

दुसरी जात याहून वाईट. घेणारा ३९ द्यायला तयार असताना विकणाऱ्याला ‘गिऱ्हाईक ३५ च्या वर येत नाही’ असं सांगून मधले खिशात घालायचे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार एजंटने मालकाला अंधारात ठेवून स्वतःसाठी व्यवहार केला तर त्यातून झालेला फायदा मालक मागू शकतो. उपाय साधा आहे: टोकनच्या आधी घेणारा-विकणारा एकदा समोरासमोर बसा. जो एजंट ही बैठक काही ना काही कारण सांगून टाळतो, त्याच्याजवळ फरक आहे असं धरून चाला.

७. एजंटला रेरा नोंदणी लागते का? कशी तपासायची?

रेरा म्हणजे बिल्डर आणि एजंट यांच्यावर लक्ष ठेवणारा स्थावर मालमत्तेचा कायदा. बिल्डर किंवा प्लॉटिंगवाला विकत असलेल्या रेरा-नोंदणीकृत प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट एजंट विकत असेल, तर लागते. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ९ मध्ये ते आहे आणि महारेरा, म्हणजे त्याचं आपल्या राज्यातलं प्राधिकरण, १ मे २०१७ पासून सुरू झालं. नोंदणीशिवाय काम केल्यास दिवसाला १० हजार रुपये दंड, तो वाढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो. आता एजंटला प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते.

तपासायला दोन मिनिटं लागतात. एजंटचा नोंदणी क्रमांक ‘ए’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. महारेराच्या संकेतस्थळावर क्रमांक टाका. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही असावा लागतो, तो मोबाईलने स्कॅन केला की मंजुऱ्या आणि नकाशे समोर येतात.

पण जुनं, वापरातलं घर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात असेल, तर कलम ९ ची ही अट लागत नाही. आपल्याकडचे कितीतरी सौदे अशा पुनर्विक्रीचेच असतात. नोंदणी नसलेला एजंट तिथे बेकायदा ठरत नाही, पण त्याच्याविरुद्ध महारेराकडे जायची वाटही तुम्हाला मिळत नाही (प्रश्न २२).

८. शहराबाहेरच्या प्लॉटिंगला रेरा नंबर नाही. एजंट म्हणतो, ‘रेरा फक्त फ्लॅटला असतो.’

चूक. रेरा प्लॉटलाही आहे. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं ८ पर्यंतच असतील, तर प्रकल्प नोंदणीतून सुटतो. म्हणून चार-सहा रो-हाऊसच्या लहान कामाला नंबर नसणं शक्य आहे. पण दोन एकरांच्या ले-आउटला नंबर नसेल तर विषय संपला. नोंदणी नसलेल्या प्रकल्पात विक्री करून देणं एजंटलाही मना आहे.

९. टोकन किती द्यावं आणि कोणाच्या हातात?

पुनर्विक्रीत आपल्याकडे ११, २१ किंवा ५१ हजारांचा इसार देतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी तर दुपारच्या पुरणपोळीआधी इसार देऊन मोकळं व्हायची घाई असते. मुहूर्त साधा, पण रक्कम मालकाच्या खात्यात टाका. एजंटच्या खात्यात नको. एजंट प्रामाणिक असला तरी नको, कारण उद्या सौदा फिसकटला तर मालक म्हणेल, ‘मला कुठे मिळाले?’

जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे आणि ती रोकड स्वीकारणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो. रेरा प्रकल्पात बिल्डर नोंदणीकृत करारनाम्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही.

इसार पावती कोऱ्या कागदावर का असेना, पण त्यात मिळकतीचं वर्णन, ठरलेली पूर्ण किंमत, साठेखताची तारीख आणि ‘कर्ज मंजूर न झाल्यास इसार परत’ हे वाक्य हवंच.

१०. एजंट म्हणतो कागद क्लिअर आहेत. तरी वकील करायचा?

करायचा, आणि एजंटने सुचवलेला नव्हे, तुमचा. कोणताही प्रश्न विचारा, आमच्याकडचं ठरलेलं उत्तर आहे: ‘व्हई जाई, भाऊ’, म्हणजे होऊन जाईल. सातबाऱ्यावर बोजा आहे? व्हई जाई. बहिणीचं नाव कमी व्हायचंय? व्हई जाई. यात प्रत्येक वेळी लबाडी असते असं नाही. बहुतेक वेळा खरंच होतं. पण कधी आणि कोणाच्या खर्चाने, हे त्या दोन शब्दांत नसतं.

वकिलाकडे जाण्याआधी तुम्हीही थोडं बघू शकता. शहरातल्या जागेला मालमत्ता पत्रक असतं, सिटी सर्व्हेबाहेरच्या ले-आउटमधल्या प्लॉटला बिनशेती सातबारा. डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. त्यात तीन ठिकाणी बोट ठेवा. भोगवटादाराचं नाव विकणाऱ्याचंच आहे का? भोगवटादार वर्ग १ आहे की २? वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीचा विषय येतो. आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कूळ, कोर्टाची नोंद असं काही आहे का? मग नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्या गटात आजवर कोणते दस्त झाले ते सूची क्रमांक २ मध्ये बघा. एकच प्लॉट दोघांना विकलेला तिथे सापडतो.

याशिवाय बिनशेतीचा आदेश, मंजूर ले-आउट, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि चालू वर्षाची घरपट्टी-पाणीपट्टीची पावती. भोगवटा प्रमाणपत्राबद्दल आपल्याकडे फार सैल कारभार आहे, दहा वर्षं राहूनही लोकांनी ते घेतलेलं नसतं. वकील ३० वर्षांचा शोध अहवाल देतो आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस काढतो. मूळ खरेदीखत बघायला मागा. ‘ते बँकेत आहे’ म्हणाले तर कर्ज आहे. मग बँकेचं थकबाकीचं पत्र हातात आल्याशिवाय साठेखत नको.

११. एजंटने दाखवला तोच प्लॉट कागदावर आहे, हे कसं कळणार?

इथे माझीच चूक सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हा शहराच्या कडेच्या एका ले-आउटमध्ये एका शिक्षकांना प्लॉट दाखवला. काळी माती, एक-दोन पावसाळे गेलेले, हद्दीचे दगड निम्मे मातीत आणि उरलेले कोणीतरी उपटून नेलेले. मी कोपऱ्यावरच्या बाभळीपासून पावलं मोजली आणि ‘हा २४ नंबर’ म्हणून मोकळा झालो. दस्त २४ चाच झाला, कागद सगळे बरोबर. सरांनी कुंपणाची भिंत कमरेएवढी आणली तेव्हा सुरतेहून एक गृहस्थ आले आणि म्हणाले, हा तर माझा २३ आहे. त्यांचंच बरोबर होतं. बाभूळ ले-आउटच्या आत नव्हती, रस्त्याच्या जागेत होती. भिंत पाडायचा आणि पुन्हा बांधायचा खर्च मी दिला. त्या सौद्याची दलाली त्यात गेलीच, वर आणखी गेले.

तेव्हापासून मी टेप आणि मंजूर नकाशा गाडीतच ठेवतो. तुम्ही खरेदीखताआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. तेवढा वेळ नसेल तर निदान शेजारच्या दोन बांधलेल्या घरांच्या कागदांवरून चतुःसीमा जुळवून बघा.

१२. साठेखत आणि खरेदीखत यांत फरक काय? एजंट म्हणतो, नोटरी केलेलं साठेखत पुरे.

साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्याने मालकी येत नाही. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखताने. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला सादर करावा लागतो. नोटरीचा शिक्का म्हणजे सही समोर झाली एवढाच पुरावा. शिवाय सूची क्रमांक २ मध्ये नोटरीचा कागद दिसत नाही, त्यामुळे तोच प्लॉट दुसऱ्याला विकला जात असताना कोणालाच पत्ता लागत नाही.

विकणारा साठेखतानंतर मागे हटला तर कोर्टातून खरेदीखत करून घेता येतं. त्याची मुदत साठेखतात ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं.

१३. मुद्रांक शुल्क किती आणि ते कोण भरतं?

वेगळं ठरलं नसेल तर घेणारा. जळगाव किंवा धुळे महापालिका हद्दीत ५ टक्के शुल्क आणि १ टक्का स्थानिक संस्था अधिभार, मिळून ६. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. नगरपालिका आणि ग्रामपंचायत हद्दीत शुल्काचा दर कमी आहे. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते.

४० लाखांच्या घराला महापालिका हद्दीत २,४०,००० आणि ३०,००० असे २,७०,००० झाले. घरातल्या बाईच्या नावावर घेतलं तर ४० हजार वाचले, म्हणजे एक टक्क्याने दलाली तिथेच निघाली. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. हे एजंट क्वचितच सांगतात आणि नोटीस घेणाऱ्याला येते.

१४. एजंट म्हणतो, दस्तात किंमत कमी दाखवा, बाकीचे रोख द्या.

शुल्क दस्तातली किंमत आणि रेडी रेकनरचं (सरकारी दरतक्त्यातलं) मूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर लागतं, त्यामुळे वाटते तेवढी बचत होतच नाही. उलट बँक कागदावरची किंमत बघून कर्ज देते, म्हणजे कर्ज कमी बसतं. सौदा मोडला तर रोख दिलेले मागायला पुरावा नाही. पुढे तुम्ही विकाल तेव्हा खरेदी किंमत कमी दिसल्याने नफा जास्त दिसेल आणि करही जास्त. त्यात प्रश्न ९ मधली रोखीची बंदी आहेच.

१५. वडिलांच्या नावावरचं घर दोघा भावांनी विकायला काढलंय. बहिणींच्या सह्या लागतात का?

लागतात. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर मुलींचा हिस्सा मुलांइतकाच. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने हिस्सेदार आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचा गोंधळ संपवला. आईचं नाव विसरू नका, ते हमखास राहतं.

आपल्याकडे आखाजीला बहिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि त्याच दोन दिवसांत ‘ताई, इथे एक सही कर’ होतं. हक्कसोडपत्र द्यायचं की नाही हा त्या बहिणीचा निर्णय. पण घेणारा म्हणून तुम्हाला एवढं कळायला हवं की ते नोंदणीकृत लागतं. साध्या स्टॅम्प पेपरवरच्या संमतीवर विसंबून घर घेतलं तर दहा वर्षांनी भाचा वाटणीचा दावा घेऊन दारात येऊ शकतो. सरळ मार्ग म्हणजे सगळ्या वारसांनी खरेदीखतावरच सह्या करायच्या. वारसांत अज्ञान (१८ वर्षांखालचं) मूल असेल तर त्याच्या हिश्शासाठी कोर्टाची परवानगी बघावी लागते. इथे वकिलाशिवाय एक पाऊल टाकू नका.

१६. मालक सुरतेला असतो, येऊ शकत नाही. एजंटच्या नावाने मुखत्यारपत्र चालेल?

उधना-लिंबायतमध्ये निम्मा खान्देश राहतो, त्यामुळे हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतो. चालतं, पण मुखत्यारपत्र नोंदवलेलं हवं आणि त्यात हीच मिळकत, विकण्याचा व नोंदणी करून देण्याचा अधिकार स्पष्ट हवा. राहत्या जिल्ह्यातल्या, म्हणजे सुरतेच्या दुय्यम निबंधकापुढे ते करता येतं. महाराष्ट्रात वापरण्याआधी इथलं मुद्रांक किती लागेल ते वकिलाला विचारा. मालकाचा मृत्यू झाला की साधं मुखत्यारपत्र संपतं, म्हणून दस्ताच्या दिवशी मालकाला व्हिडिओ कॉल लावा. संकोच नको.

मुखत्यार एजंट नको, मालकाचा नातेवाईक असावा. आणि ‘मुखत्यारपत्र आणि साठेखत घेऊन ठेवा, खरेदीखताची गरज नाही’ असं कोणी म्हणालं तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय की अशाने मालकी मिळत नाही.

१७. शहादा-शिरपूर-चोपडा भागात स्वस्तात जमीन दाखवतात. घ्यावी का?

आधी मूळ खातेदार कोण ते बघा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती नसेल तर व्यवहार बेकायदा, आणि जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. ९९ वर्षांचा भाडेपट्टा, गहाण, मुखत्यारपत्र या पळवाटा एजंट सांगतात. भाडेपट्टा आणि गहाणही त्याच कलमात धरलेत. नंदुरबार जिल्ह्यात नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी पट्ट्यात तर हा प्रश्न पहिला विचारायचा. स्वस्त असण्याचं कारण बहुधा हेच असतं.

साधी शेतजमीन असली तरी घेणारा शेतकरी असावा लागतो. तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर सातबारा नसेल तर तिथेच थांबा.

१८. शेतातच गुंठ्या-दोन गुंठ्याचे तुकडे पाडून विकतात. एजंट म्हणतो, नंतर नियमित होतं.

तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे आणि त्याच्या नियमांत अलीकडे सवलती येत आहेत, हे खरं. पण सवलत कोणत्या हद्दीतल्या, कोणत्या तारखेआधीच्या तुकड्याला आहे, ते तुमच्या गटाच्या बाबतीत तहसील कार्यालयातून लेखी कळायला हवं. ‘होईल’ या आशेवर फक्त तेवढेच पैसे लावा जे बुडाले तरी झोप लागेल. अशा सामाईक सातबाऱ्यावर तुमचं नाव दहा जणांसोबत लागतं आणि रस्त्यासाठी कोणी फूटभर जागा सोडत नाही.

१९. गावठाणातलं धाब्याचं (सपाट मातीच्या छताचं) जुनं घर घ्यायचंय. सातबाराच नाही म्हणतात.

बरोबर आहे, गावठाणात सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवतात, पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन अनेक गावांत मालमत्ता पत्रकं मिळाली आहेत. तुमच्या गावाचं झालंय का विचारा. नसेल तर जुनी खरेदीखतं, वाटणीपत्र, आणि भिंत कोणाची यावर शेजाऱ्यांचा लेखी होकार घ्या. धाब्याच्या घरांत मधली भिंत सामाईक असते. तुम्ही पाडायला घेतलीत की शेजारच्याच्या माळवदाची धिरं मोकळी पडतात आणि पहिल्याच दिवशी गल्ली गोळा होते.

२०. एजंटने घर दाखवलं, पण नंतर मालक ओळखीचा निघाला. थेट सौदा केला तर दलाली लागते?

त्याने दाखवल्यामुळे सौदा झाला असेल तर द्यायला हवी. लेखी नसेल तर त्याला कोर्टात सिद्ध करणं जड जाईल, पण जळगाव-धुळ्यासारख्या गावात आज टाळलेला एजंट उद्या तुमच्याच साडूचं घर विकत असतो.

एकच घर तीन एजंटांनी दाखवलं असेल तर ज्याच्या खटपटीने भाव ठरला, त्याची दलाली. पहिल्याने फक्त बाहेरून दाखवलं, दुसऱ्याने चावी आणून आतून दाखवलं आणि बैठक जुळवली, तर दुसऱ्याची. कोणी कधी दाखवलं ते व्हॉट्सअॅपवर तारखेसह असू द्या.

२१. इसारानंतर सौदा मोडला. इसार आणि दलाली परत मिळते?

विकणाऱ्याने मोडला तर इसार परत मागा. घेणाऱ्याने मोडला तर पावतीत काय लिहिलंय त्यावर सगळं अवलंबून. इसार जप्त होण्याची अट असेल तर जाऊ शकतो. कर्ज नामंजूर झालं, तर प्रश्न ९ मधलं ते एक वाक्य इथे कामाला येतं. दलाली: सौदा विकणाऱ्याच्या कागदांतल्या दोषामुळे मोडला आणि एजंटला तो दोष आधीच माहीत होता, तर परत मागा आणि सोडू नका. नाहीतर प्रश्न ४ बघा.

२२. एजंटने फसवलं. तक्रार कुठे करायची?

रेरा प्रकल्पातली मिळकत असेल तर महारेराकडे ऑनलाइन. फी ५ हजार रुपये. पुनर्विक्रीत एजंटने सेवेत कसूर केली असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच चालतं. खोटी कागदपत्रं, एकच घर दोघांना विकणं, इसार घेऊन गायब होणं, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधल्या फसवणुकीत बसतं. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो: पैसे दिल्याचा पुरावा काय?

२३. भाड्याच्या घराला दलाली किती?

साधारण एक महिन्याचं भाडं. करार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची.

२४. मुलगा पदवीधर आहे, त्याला या धंद्यात घालू का?

महारेराचं २० तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, मग नोंदणी. ती पाच वर्षांसाठी मिळते. हिशेबाच्या वह्या ठेवणं एजंटला कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा वही आधी आणि व्हिजिटिंग कार्ड नंतर. कापूस आणि केळीचा पैसा हातात असतो तेव्हा फोन वाजतात, पावसाळ्यात दोन-दोन महिने वाजत नाहीत. तेवढ्या काळाचा घरखर्च बाजूला असेल तर घाला. आणि त्याला नुसती स्कूटर नका देऊ, टेपही द्या. पन्नास मीटरचा.